कोणाचाच नसलेला पक्षी

३ मार्च

वहीची पानं मोजून प्रत्येकावर आकडा टाकला. एकशे चव्वेचाळीस भरली. ही वही शाळेतल्या बाईंनी निरोपाच्या दिवशी दिली होती. म्हणाल्या, "लिहीत राहिलास तर शिकलेलं विसरणार नाहीस." दोन वर्षं ती मक्याच्या कणसांखाली पडून होती. आज काढली, कारण एक गोष्ट पुराव्यासाठी लिहून ठेवायची आहे.

आमच्याकडची मडकी बघायला बाहेरून येणाऱ्या गोऱ्या बाई, मिस व्हिटकोम, यांनी सांता फेहून मला जलरंगांची पेटी आणि जाड पांढरा कागद आणून दिला. मावशी मडकी घडवते आणि मी त्यांवर नक्षी काढतो, ती त्यांनी पाहिली होती. म्हणाल्या, "हेच कागदावर काढ. मडकं फुटतं, कागद भिंतीवर राहतो." त्या गेल्यावर इग्नासिता मावशी म्हणाली, "मडकं फुटतं म्हणून तर दुसरं करावं लागतं. काहीच फुटलं नाही तर बायकांनी करायचं काय?"

पण काढायचं काय? नाच काढावा, तर कुठला काढलेला चालतो आणि कुठला नाही, हे मला पक्कं ठाऊक नाही. गावातली पोरं ज्या वयात हे शिकतात, त्या वयात मी दूरच्या सरकारी निवासी शाळेत बुटांना पॉलिश करायला शिकत होतो. आणि यंदा चूक करून चालणार नाही. फिलोमेनो मामांनी शब्द दिला आहे की सुगी झाली की मला खाली नेतील. खाली म्हणजे शिडीनं खाली, आम्हा हिवाळी माणसांच्या गोल खोलीत. गावातली उरलेली अर्धी घरं उन्हाळी, त्यांची खोली वेगळी, शिडी वेगळी, आणि एकांनी दुसऱ्यांचं पाहायचं नसतं. तिथं काय असतं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं. पण वीस वर्षांच्या बाप्यानं वर शिडीशी उभं राहायचं आणि बारा वर्षांच्या पोरांनी त्याच्या देखत उतरून जायचं, हे किती दिवस चालणार?

म्हणून असं ठरवलं की पक्षीच काढायचा, आणि तोही कोणाचाच नसलेला. आज काढून पुरा केला. त्याचे भाग कुठून आले ते खाली देत आहे.

डोळा: कप्तानचा. कप्तान हा मावशीचा टर्की कोंबडा. त्याला एकच डोळा आहे आणि तो सगळ्यांवर असतो.

चोच: शाळेच्या सुपरिंटेंडेंट साहेबांचं नाक, बाजूनं पाहिल्यास.

शेपटीतल्या पायऱ्या: मडक्यावर पायऱ्या काढल्या की त्या ढग असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ह्या ढग नाहीत. खुराड्याच्या शिडीच्या आहेत. मोजून पाच.

पोटावरचे पट्टे: शाळेतल्या गादीचे.

तुरा: मिस व्हिटकोम यांच्या टोपीतलं पीस.

यात कोणाचं काहीही नाही. खाली सही करतो. सेवेरो.

६ मार्च

पक्षी मामांना दाखवला. सगळं जसंच्या तसं लिहितो.

मी म्हणालो, "मामा, हे चालेल ना?"

"काय चालेल ना?"

"काढायला."

"काढलंस की."

"म्हणजे काढायला नको होतं?"

"मी म्हणालो का तसं?"

"मग चालेल?"

मामांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. मग विचारलं, "कोणी शिकवलं तुला हे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही असंच सांगायचं असतं," मामा म्हणाले आणि कागद परत दिला. "हं."

७ मार्च

झोप आली नाही. मामांचे 'हं' लक्षात ठेवून एक तक्ता केला.

पहिला: आखूड. अर्थ: ऐकलं.

दुसरा: नाकातून, लांब. अर्थ: ऐकलं, पण पटलं नाही.

तिसरा: मान हलवून. अर्थ: कॉफी आण.

चौथा: ओठ मिटून, नजर दुसरीकडे. अर्थ ठाऊक नाही.

पक्ष्याला चौथा मिळाला.

अडचण अशी की जे झाकून ठेवायचं असतं ते काय, हे मला कोणी सांगू शकत नाही. सांगितलं तर झाकलेलं राहिलं कुठे? आणि मी विचारूही शकत नाही. विचारायचं तर आधी नाव घ्यावं लागणार.

१९ मार्च

मिस व्हिटकोम मोटारीनं आल्या. पक्षी पाहून खाली ओट्यावरच बसल्या. त्यांना मावशीनं मिरचीचा रस्सा दिला. प्रत्येक घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी त्यांनी वाडगा पुसून खाल्ला. बाई मनानं चांगल्या आहेत.

"याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही."

"आणि अर्थ?"

मी खोटं बोलत नाही. अर्थ नाहीच, तर सांगणार कुठून? म्हणालो, "मला सांगता येत नाही."

त्यांनी आपली टिपणवही मिटली आणि हात छातीवर ठेवला. "समजलं."

"तसं नाही. खरोखरच यात काही नाही."

"नको, नको. माझ्यासाठी तू संकटात पडू नकोस. पुन्हा विचारणार नाही मी."

मी तीन वेळा समजावलं. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज आणखी हळू झाला. शेवटी तर त्या नुसत्या ओठांनीच बोलत होत्या. पक्षी घेऊन निघाल्या तेव्हा कप्तान एका डोळ्यानं त्यांना पाहत उभा होता. तो मोटारीपर्यंत त्यांच्या मागे धावला. टोपी पडली. बाईंनी त्याला ओळखलं नाही. टोपीतलं पीसही रोजचंच असल्यामुळे ओळखलं नसावं.

२ एप्रिल

पाट साफ करायचा आज तिसरा दिवस. गाळ काढायला गावातला प्रत्येक पुरुष लागतो, हिवाळी असो की उन्हाळी. दुपारी भाकरी खाताना मी सहज काठीनं ओल्या गाळात पक्षी काढला. हात आपोआप काढतो आता.

वेनान्सिओ आजोबा तिथं टेकायला आले. ते उन्हाळी माणसांतले सगळ्यांत मोठे, आणि कांदेलारियाचे आजोबा. बसता बसता त्यांनी खाली पाहिलं आणि अर्धे वाकलेले तसेच थांबले. मग वळसा घालून गेले. मागून येणाऱ्यांना म्हणाले, "इकडून या रे. इकडून, इकडून."

मी म्हणालो, "आजोबा, पुसून टाकू का?"

"काय पुसतोस? मी काही पाहिलं नाही."

पाहिलं नाही, असं त्यांनी पाहून झाल्यावर सांगितलं. संध्याकाळपर्यंत माझ्या हातातलं फावडं दोनदा निसटलं. दुसऱ्यांदा मुखियांच्या पायावर.

८ एप्रिल

वारा. डोळ्यांत माती.

१ मे

मावशीच्या मोठ्या मडक्यावर मी पक्षी काढला होता. ते छान भाजून निघालं, काळं, चकचकीत. मामा आले, बघितलं आणि मावशीला बाजूला नेऊन म्हणाले, "त्यांचं आहे ते. त्यांच्यापैकी कोणी आलं तर बरं दिसणार नाही. भिंतीकडे तोंड करून ठेव."

'त्यांचं' म्हणजे मिस व्हिटकोम यांचं असावं. त्यांनी एक मडकं सांगून ठेवलं आहे.

मावशी दिवसभर धुसफुसत होती. "माझं मडकं, माझं घर, आणि ते मलाच पाठ दाखवतंय!"

२० मे

चाळण परत करायला वेनान्सिओ आजोबांकडे गेलो. ही तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा चाळण घरीच राहिली होती.

कांदेलारिया दारात बसून मका सोलत होती. तीही सरकारी शाळेत होती, माझ्यानंतर एका वर्षानं परत आली. ती दाणे सोलते तेव्हा एकही दाणा टोपलीबाहेर पडत नाही. मी अर्धा तास पाहिलं. तिच्या कानामागे पिवळी बट होती, मक्याचीच, आणि ती सांगावी की नाही हे ठरेपर्यंत तीच म्हणाली, "तुझ्या पक्ष्याकडे बघायची आम्हाला बंदी आहे, माहीत आहे?"

"कोणी केली?"

"आजोबांनी. म्हणतात, त्यांच्याकडचा आहे तो, आपण बघू नये. बघितला तरी बघितला म्हणू नये."

'त्यांच्याकडचा' म्हणजे आमच्या घरचा. मडकी मावशीच करते, म्हणून म्हणाले असतील. मी म्हणालो, "तो कोणाचाच नाही."

"हो का? मग तो बिचारा जेवतो कुठं?"

याला काय उत्तर द्यावं ते मला आत्ता, चार तासांनी, सुचलं आहे. आता उपयोग नाही.

आकाश निरभ्र. वारा नाही.

२१ मे

काल तिकडून येताना मामांनी पाहिलं होतं. आज विचारलं, "नेहमी जातोस त्या घरी?"

"चाळण द्यायची होती."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"म्हणजे मार्चपासूनच," मामा स्वतःशी म्हणाले. चौथा हं.

एका चाळणीवरून मामांना इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. उद्या आमची नवी चाळण आणतो.

२८ जून

टपालानं एक छापील पुस्तिका आली. दूर पूर्वेकडच्या शहरात मिस व्हिटकोम यांनी आमच्याकडच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आहे. माझा पक्षी पहिल्या दालनात, काचेत. खाली छापलं आहे:

'निनावी पक्षी. हा इतका पवित्र आहे की चित्रकारालाही त्याचं नाव उच्चारण्याची परवानगी नाही.'

त्यात माझं नाव 'सेवेरा' छापलं आहे. ते शाईनं दुरुस्त केलं. आणखी दोन चुका होत्या, त्याही दुरुस्त केल्या. पण चुका दुरुस्त करून वाक्य खरं होत नाही.

पुस्तिका मुखियांच्या पत्त्यावरही एक आली आहे.

३० जून

आज मामांनी मला अंगणात बोलावलं. बराच वेळ दोरी वळत बसले. मग म्हणाले, "सेवेरो, सुगीनंतरचं सुगीनंतर बघू."

"म्हणजे मला खाली नेणार नाही?"

"तसं म्हणालो का मी?"

"मग न्याल?"

"बाळा, माणसानं एकाच शिडीनं उतरावं. दोन शिड्यांवर पाय ठेवणारा मध्ये पडतो. मी रागावलो नाही. त्यांनी तुला घेतलं असेल तर ती मानाची गोष्ट आहे. फक्त मला आधी सांगायचं होतंस."

मी म्हणालो, "कोणी घेतलं?"

"बरोबर," मामा म्हणाले, "मला सांगूही नकोस." आणि दोरी वळू लागले. त्यांचे डोळे ओले दिसले, पण वाराही होता.

दोन शिड्या कुठल्या ते मला कळलं नाही. एवढं कळलं की मी न कळता कुठल्यातरी भयंकर गोष्टीचं हुबेहूब चित्र काढलं आहे. साहेबांचं नाक, गादीचे पट्टे आणि कोंबड्याचा डोळा एकत्र केले की जे तयार होतं, ते आमचे लोक शेकडो वर्षं जपत आले असणार. योगायोग असतात. शब्दकोशात तो शब्द आहे.

६ जुलै

पक्षी बंद. आता फक्त चिमण्या काढणार. साध्या चिमण्या.

१५ जुलै

मिस व्हिटकोम यांनी चिमण्या पाहिल्या. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "त्यांनी बंदी घातली, होय ना? काही बोलू नकोस. या चिमण्यांच्या डोळ्यांत मला सगळं दिसतंय."

चिमण्यांचे डोळे म्हणजे टिंबं आहेत. सर्वांत बारीक कुंचल्याची.

९ ऑगस्ट

मुखिया अमादेओ यांचा निरोप आला. परवा दुपारी त्यांच्या घरी दोन्हीकडची जाणती माणसं बसणार. मीही यायचं. मावशीनं माझा सदरा धुतला. धुताना पिळून पिळून दोन बटणं तोडली.

ती म्हणाली, "मेल्या, खरं सांग. कुठून आणलास तो पक्षी?"

मी खरं सांगितलं. तिनं सदरा पुन्हा एकदा पिळला. मग म्हणाली, "हे असलं बाहेर सांगू नकोस. कोणी विश्वास ठेवणार नाही."

११ ऑगस्ट

हे सावकाश लिहितो.

मुखिया मध्ये बसले होते. चांदीच्या मुठीची काठी भिंतीवर टांगलेली. एका बाजूला आमची हिवाळी माणसं, पुढे मामा. समोर उन्हाळी माणसं, पुढे वेनान्सिओ आजोबा. पुस्तिका जमिनीवर, पालथी.

मुखिया म्हणाले, "पोरा, छापून आलंय. बाहेरच्यांना वाटतंय आपण काहीतरी विकलं. विकलं का?"

"नाही."

"मग हा पक्षी कोणाचा?"

मामा जमिनीकडे पाहत होते. वेनान्सिओ आजोबा छताच्या तुळया मोजत होते.

"फिलोमेनो?"

"मी कसं बोलणार?" मामा म्हणाले. "जे आमचं नाही त्यावर आम्ही बोलणं बरं नव्हे."

"वेनान्सिओ काका, मग तुम्ही बोला."

"मी तरी कसं बोलू? तेच."

"तेच म्हणजे काय?"

"जे आमचं नाही त्यावर."

मुखियांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "थांबा जरा," ते म्हणाले. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे लेखी पुरावा आहे."

वही आणली. पण ती शाळेच्या भाषेत. वाचणार कोण? मी वाचून अर्थ सांगितला तर तो पुरावा कसला? आपल्याच बाजूनं बोलणारी साक्ष. वेनान्सिओ आजोबा म्हणाले, "माझी नात वाचते."

मला तेव्हाच वही परत घ्यायला हवी होती.

कांदेलारिया आली. हाताला पीठ होतं, ते पुसलं. तीन मार्च काढला, मनात वाचला आणि खोकला आल्यासारखं केलं. मग आपल्या भाषेत सांगू लागली. डोळा. नाक. साहेबांच्या नाकाशी खोलीत हालचाल झाली, कारण त्या शाळेत अर्ध्या घरांतली पोरं जाऊन आली आहेत आणि साहेब दर वर्षी पोरं न्यायला यायचे तेव्हा नाक आधी यायचं. खुराड्याची शिडी. गादी. टोपीतलं पीस.

संपलं.

वेनान्सिओ आजोबा हळूच म्हणाले, "फिलोमेनो. हा तुमचा नाही?"

"आमचा? तुमचा ना?"

"आमचा असता तर मी गप्प बसलो असतो का?"

"मग गप्प का बसलात?"

"तुमचा आहे म्हणून! अरे, चार महिने मी तुझ्या घरावरून जाताना मान खाली घालून जातोय. दोनदा खांबाला धडकलो!"

"आणि मी? मी बहिणीला स्वतःचं मडकं भिंतीकडे वळवायला लावलं. ती अजून नीट बोलत नाही माझ्याशी. तुमचा मान राखायला!"

"तुझाच मान राखायला मी पाटात पाऊल टाकलं नाही. म्हातारपणी वळसा घालून गेलो, गुडघा अजून ठणकतोय!"

"मला वाटलं तुम्ही माझ्या भाच्याला परस्पर घेतलंत. चाळणीच्या निमित्तानं."

"आम्ही? आम्ही कशाला घेऊ त्याला? आम्हाला तर चाळणही नीट परत मिळत नाही."

मुखिया आधी हसले. मग कोण हसलं सांगता येणार नाही. सगळेच. एक म्हातारे बसल्या जागी आडवे झाले. मामा हसत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा अंगणातल्या त्या दिवसापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

इथं थांबायला हवं होतं. पण कांदेलारिया म्हणाली, "अजून आहे," आणि पान उलटलं. तिनं 'हं'चा तक्ता वाचला. चारही. अर्थासकट.

सगळे मामांकडे वळले. मामांनी ओठ मिटले, नजर दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "हं."

"चौथा," मुखिया म्हणाले.

मग तिनं आणखी पानं उलटली. मी पाहिलं की ती वीस मेच्या पानावर आली. ती मनात वाचत राहिली. खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली. "पुढे काय?" कोणीतरी विचारलं. तिनं वही मिटली.

"पुढे हवामान आहे," ती म्हणाली.

निकाल असा झाला. मुखिया म्हणाले, पक्षी कोणाचाच नव्हता, म्हणून आता तो पोराचा. त्यानं हवा तेवढा काढावा. मी म्हणालो की मग मिस व्हिटकोम यांना आजच पत्र लिहून सगळं खरं कळवतो, तीन मार्चच्या पानाची नक्कल जोडून.

"अजिबात नाही," वेनान्सिओ आजोबा म्हणाले. "त्या बाईनं माझ्या सुनेच्या आजारात रोज मोटारीनं डॉक्टर आणला होता. आता तिनं स्वतःच्या टोपीतलं पीस शहरात नेऊन काचेत लावलंय आणि लोकांना हळू आवाजात सांगते आहे. तिला ऐकवायचं हे? आपण हसायचं ते घरात हसू."

सगळ्यांनी माना हलवल्या. दोन्हीकडच्यांनी. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुला एक गोष्ट ठाऊक आहे, जी सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि बाहेर कोणाला सांगायची नाही. सांभाळता येते का बघू."

मामा उठता उठता म्हणाले, "सुगीला अजून दीड महिना आहे."

१३ ऑगस्ट

मामांनी विचारलं, "जी गोष्ट बाहेर सांगायची नाही ती वहीत ठेवतात का?" खरं आहे. पण पान फाडलं तर आकडे चुकतात. मी विचार करत बसलो होतो, तेवढ्यात कांदेलारिया चाळण मागायला आली. आमची नवी. ती म्हणाली, "दे ते पान, मी चुलीत घालते." मी तीन मार्चचं पान दिलं. मग म्हणाली, "वीस मेचं पण दे."

मी म्हणालो, "त्यावर फक्त हवामान आहे."

"हो. तेच हवंय."

दोन्ही दिली. आमची चूल पेटलेली होती, पण तिनं पानं नीट घडी करून शालीत ठेवली. चाळण तिनं नेली नाही. विसरली असावी.

२३ सप्टेंबर

आज गावच्या संताचा सण. सकाळी चर्च, मग चौकात मक्याचा नाच. मावशीच्या घरी एकशे चार माणसं जेवून गेली. मामा दिसले नाहीत. काल म्हणत होते की डोकं दुखतंय.

मिस व्हिटकोम आमच्या घराच्या सपाट धाब्यावर माझ्याशेजारी बसल्या होत्या. नव्या टोपीत पीस होतं. तेच.

नाचाच्या दोन फेऱ्यांमध्ये विदूषक आले. अंगावर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर मक्याच्या पात्यांची शिंगं. वर्षभरात ज्यानं जो मूर्खपणा केला असेल तो ते सगळ्यांसमोर करून दाखवतात. ते कोण असतात हे विचारायचं नसतं.

एक जण हातात झाडाच्या सालीचा तुकडा घेऊन आला आणि कोळशानं त्यावर लिहू लागला. दोन पावलं टाकी, थांबे, लिही. एक म्हातारी शिंकली, तेही लिहिलं. त्याच्या काखेत चाळण होती. माझे कान तापले. मग पक्षी आला. पोटाला गादीचं फाटकं कापड, मागे दोरीनं बांधलेली खुराड्याची शिडी, एका डोळ्यावर चिंधी आणि पुढे वीतभर लांब नाक. तो चौकात आला तसे हिवाळी विदूषक उन्हाळी लोकांकडे पाहून वाकले, उन्हाळी विदूषक हिवाळी लोकांकडे पाहून वाकले आणि वाकता वाकता एकमेकांची डोकी आपटली. दोन्हीकडचे डोकं चोळत पक्ष्याला नम्रपणे वळसा घालून गेले. सगळा चौक हसून लोटपोट झाला. वेनान्सिओ आजोबा डोळे पुसत होते. समोरच्या धाब्यावर कांदेलारिया तोंडावर शाल धरून माझ्याकडे पाहत होती.

मला वाटलं होतं की लाज वाटेल. जरा वेळानं लक्षात आलं की मीही हसतो आहे, आणि पुष्कळ वेळ. शाळेतून आल्यापासून विदूषकांनी माझी नक्कल कधीच केली नव्हती. बाहेरच्या माणसाची ते करत नाहीत.

मिस व्हिटकोम यांनी माझी बाही धरली. "तो... तोच आहे का?" त्या कुजबुजल्या. "निनावी? लोक हसताहेत का? काय चाललंय? मला कळायलाच हवं, सेवेरो. एवढंच सांग."

शिडी खडखडवत पक्षी आमच्या धाब्याखाली येऊन थांबला. मान वाकडी करून त्यानं एका डोळ्यानं वर पाहिलं. आधी बाईंच्या टोपीकडे, मग माझ्याकडे. सगळं गाव वर बघत होतं.

मी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

बाईंनी हात छातीवर ठेवला.

खाली पक्ष्यानं नाक वर केलं आणि म्हणाला, "हं."

हा माझ्या तक्त्यात नव्हता. आखूड नाही, लांब नाही, नजर सरळ माझ्यावर. घरी येऊन पाचवा म्हणून लिहायला घेतला, पण त्याच्यापुढे अर्थाची जागा कोरीच ठेवली आहे.

त्या पक्ष्याच्या आत कोण होतं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं.